कोऱ्या टोपाची विनंती

कायदा शिकला की माणूस वकील होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन माझ्याकडे बघावं. आमच्या कालाबार शहरातल्या विद्यापीठात पाच वर्षं कायदा शिकलो मी. पदवी घेतली, फोटो काढला, आईने शेजारपाजारच्यांना बोलावून बकरं कापलं. आणि आज एकतीस वर्षं मी कोर्टात आहे खरा, पण न्यायाधीशांच्या पायाशी, कारकुनाच्या टेबलावर. रजिस्ट्रार म्हणतात मला. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे बोर्ड, त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लावायचं, पुकारा करायचा, साक्षीदाराच्या हातात बायबल द्यायचं, आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याला आमच्या एफिक भाषेत सांगायचं की बाबा रे, तुझं असं असं होणार आहे.

विद्यापीठात एका बाकावर आम्ही तिघं बसायचो. इक्वो, एफिओम आणि मी, असुक्वो. एफिओमला परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं मी शिकवायचो. इक्वोला कुणी शिकवायला लागायचं नाही. विद्यापीठ संपलं की आमच्याकडे आणखी एक वर्ष लॉ स्कूल असतं, त्याशिवाय काळा गाउन अंगावर चढत नाही. तिथला नियम असा की ज्या पेपरात सगळ्यात कमी मार्क, तोच तुमचा निकाल. बाकीच्या चार पेपरांत पहिले आलात तरी कुणी विचारत नाही. मी घसरलो तो पेपर होता 'वकिलाचं आचरण'. एकदा नाही, दोनदा. हसा, हसून घ्या. एफिओम अजून हसतो.

तिसऱ्यांदा बसायच्या आत वडील गेले आणि मी तात्पुरती म्हणून कोर्टात नोकरी धरली. तात्पुरतं म्हणजे किती ते माझ्या टकलाला विचारा. एफिओम बडा वकील झाला, हाताखाली नऊ वकील. इक्वो सरकारी वकील झाली, मग न्यायाधीश, आणि तीन वर्षांपूर्वी बदली होऊन आली ती नेमकी माझ्या कोर्टात. ती वर, मी खाली. बाई असली तरी कोर्टात तिला 'मिलॉर्ड'च म्हणायचं. पहिल्या दिवशी तो शब्द माझ्या घशात अडकला होता, खोटं कशाला बोलू?

आता आमच्या कोर्टातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. नवा वकील पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचा केसांचा टोप पांढराशुभ्र असतो. जुन्यांचे टोप घामाने पिवळे पडलेले. म्हणून नव्याला आम्ही कोरा टोप म्हणतो. कोऱ्या टोपाने आपण होऊन तोंड उघडायचं नाही. आधी कुणीतरी ज्येष्ठ वकील उठून त्याची ओळख करून देणार, बाकीचे टेबलावर बोटं वाजवणार, मगच तो बोलणार. आणि त्याची पहिली विनंती न्यायाधीश सहसा मोडत नाहीत. पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने पाठवलं तर पोराचा हात कायमचा रिकामा राहतो, असं जुनी माणसं म्हणायची. हे कुठल्या पुस्तकात नाही. विनंती अगदीच बेकायदा असेल तर ही रीत कामाला येत नाही, पण थोडी इकडेतिकडे असली तर तरून जाते. इक्वो बाकी बाबतीत दगड. खुनाच्या आरोपात जामीन द्यायचं नाव नाही. पण ही रीत ती पाळते. तीन वर्षांत एकाही कोऱ्या टोपाला तिने नाही म्हटलेलं नाही.

एफिओमला हे माझ्याइतकंच ठाऊक. म्हणून तर त्या शुक्रवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. परफ्यूमचा घमघमाट, मागे एक बारकीशी मुलगी हातात फायली घेऊन उभी.

"काय रे असुक्वो, अजून आहेस का? मला वाटलं वाळवीने खाल्लं तुला."

"वाळवीला पण चव लागते," मी म्हटलं.

"ही उतिबे. नवी. सोमवारी पहिल्यांदा उभी राहणार. पहिला पुकारा आमचा लाव."

"कुठलं प्रकरण?"

त्याने बोटाने फाईल दाखवली. शाळा बांधणारा कंत्राटदार. छप्पर कोसळून दोन मजूर मेले होते. जामिनावर बाहेर होता, पासपोर्ट कोर्टात जमा. त्याला तो परत हवा होता, परदेशी उपचारांसाठी. उपचार! सांड होता सांड. एकदा विमानात बसला असता तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं. एफिओमने स्वतः दोनदा मागणी केली होती आणि इक्वोने दोन्ही वेळा फेटाळली होती. आता त्याने कोरा टोप पुढे केला होता.

"हुशार आहेस," मी म्हटलं.

"तो पेपर मी पास झालो होतो ना," असं म्हणून तो हसत गेला.

मी बोर्ड लिहायला घेतलं आणि हात थांबला. कारण माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात, चार आठवड्यांपासून एक फाईल पडून होती.

न्कोयोची फाईल. खाडीतल्या गावातली बाई, मासे धुरवून विकायची. तिच्या घरचे मासे खाऊन दीर मेला. तेच मासे आणखी तिघांनी खाल्ले, ते अजून हिंडतायत. पण घरात भांडण होतं, कुणीतरी विष म्हणालं, पोलिसांनी उचलली. पाच वर्षं झाली, कच्ची कैदी म्हणून तुरुंगात आहे. ना तपासणीचा अहवाल आला, ना खटला उभा राहिला. तीन वर्षांपूर्वी एका फुकटात केस लढणाऱ्या वकिलाने तिचा जामीन अर्ज दाखल केला आणि पुढच्या महिन्यात तो देश सोडून गेला. अर्ज राहिला माझ्याकडे.

तो अर्ज ज्या दिवशी आला त्याच दिवशी इक्वोच्या बदलीचा हुकूम आला होता. शिपायापासून सगळे मला सांगत होते, "साहेब, तुमची वर्गमैत्रीण येतेय, आता काय मजा आहे बुवा तुमची!" मजा! माझ्या अंगाची नुसती लाही झाली होती. टेबलावर जे होतं ते मी दोन्ही हातांनी उचललं आणि समोर जे कपाट उघडं दिसलं त्यात कोंबलं. ते कपाट निकाली फायलींचं होतं. त्यात गेलेली फाईल पुन्हा कुणी बघत नाही. न्कोयो निकाली निघाली ती अशी.

आणि तिची आई, अदियाहा, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या खिडकीशी यायची. पासष्टीची बाई, पायात प्लॅस्टिकच्या चपला, डोक्यावर ओल्या फडक्याची चुंबळ.

"साहेब, लेकीची तारीख लागली का?"

"बोर्डावर नाही."

"पुढच्या महिन्यात लागेल?"

"लागली की कळेल. चला, मागे रांग आहे."

जाताना ती खिडकीवर धुरवलेल्या माशांची एक छोटी टोपली ठेवायची. ताडाच्या पातीची, हाताने विणलेली. मी 'नको' म्हणायचो, तेवढ्यापुरतं, आणि घरी न्यायचो. माझी बायको म्हणायची असे मासे बाजारात मिळत नाहीत. आमच्याकडे कुणाची टोपली रिकामी परत देत नाहीत, त्यात मीठ, कांदे, काहीतरी घालून देतात. आता दर महिन्याला काय घालून देणार? म्हणून मी दिल्याच नाहीत. रिकाम्या टोपल्या परत कोर्टात आणून कपाटावर रचून ठेवायचो. निकाली कपाटावरच.

चार आठवड्यांपूर्वी वाळवीचं औषध मारायला ते कपाट रिकामं केलं आणि फाईल माझ्या पायावर पडली. नाव वाचलं. मी तिथेच खुर्चीत बसलो. मग उठलो आणि काय केलं? फाईल खणात घातली आणि कुलूप लावलं. दोन वर्षं राहिलीत माझ्या पेन्शनला. बोर्डावर लावली तर पहिला प्रश्न येणार, तीन वर्षं कुठे होती? आणि लावून तरी काय, वकील नाही, खुनाचा आरोप, इक्वो नाही म्हणणार. असं मी स्वतःला समजावत होतो. त्या महिन्यात अदियाहा आली तेव्हासुद्धा मी म्हटलं, "बोर्डावर नाही." मासेही घेतले. ते मात्र मला खाववले नाहीत.

त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता कोर्ट रिकामं झालं तेव्हा उतिबे परत आली. एकटी.

"काका, जरा उभं राहून बघू का? म्हणजे सोमवारी पाय कापणार नाहीत."

"बघ की. वकिलांच्या दुसऱ्या रांगेत उभी राहा. पहिल्या रांगेत बसलीस तर तो एफिओम तुला कच्ची खाईल."

ती उभी राहिली, रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार केला. दोनदा चुकली, स्वतःच हसली. मग म्हणाली, "तुम्ही कधी उभे राहिलात काका? सर म्हणाले तुम्ही त्यांच्या वर्गात होतात."

"आणखी काय म्हणाले?"

तिने मान खाली घातली. म्हणजे सगळं सांगितलं होतं त्याने.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी खणाचं कुलूप काढलं आणि फाईल तिच्या पुढ्यात टाकली. "वाच."

तिने उभ्याउभ्याच वाचली. वाचायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, त्यात आहेच काय! शेवटी तारीख बघून तिने माझ्याकडे पाहिलं.

"ही तीन वर्षं कुठे होती?"

"माझ्याकडे."

"आणि ही बाई?"

"आत."

"हे तुम्ही मला का दाखवताय?" तिचा आवाज चढला. "पहिली विनंती माझ्याजवळ एकच आहे म्हणून? काका, माझ्याबरोबर पास झालेले निम्मे लोक फोनची कार्डं विकतायत. माझी आई सहा महिने सरांच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती तेव्हा मला तिथे खुर्ची मिळाली. चूक तुमची आणि नोकरी माझी जाणार?"

"मी काही मागितलं का?"

"मागताय. न बोलता मागताय, हे जास्त वाईट आहे." तिने फाईल मिटून टेबलावर ठेवली, नीट, कडेला कडा लावून. "मी ही पाहिली नाही. तुम्ही दाखवली नाही."

ती गेली. खोटं काही बोलली नव्हती पोर. मला लाज वाटली, खरंच वाटली. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, आणि आपलं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायला निघालो, तर एका कोऱ्या टोपाच्या!

पण लाजेचाही एक उपयोग असतो. मी टाईपरायटर ओढला आणि तुरुंगाला कैदी हजर करण्याची नोटीस टाईप केली. ती माझ्या सहीने जाते. मग बोर्ड लिहिलं. पहिलं प्रकरण, न्कोयोचं. दुसरं, कंत्राटदाराचं. वकील उभा राहो न राहो, निदान तिच्या नावाचा पुकारा तरी होऊ दे, असं मनाशी म्हटलं. शनिवार-रविवार मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का? हो म्हटलं.

सोमवारी कोर्ट भरलं. महिन्याचा पहिला सोमवार, त्यामुळे अदियाहा होतीच. खिडकीशी ती काही विचारायच्या आत मी म्हटलं, "आज आत येऊन बसा." ती माझ्याकडे बघत राहिली. मग चपला काढून आत गेली आणि शेवटच्या बाकावर टेकली, टोपली मांडीवर घेऊन.

एफिओम पहिल्या रांगेत, मागे उतिबे, टोप इतका पांढरा की लांबून कळावा. एफिओमने बोर्ड पाहिलं, भुवई वर गेली, मग त्याने माझ्याकडे नुसती मान हलवली. म्हातारा झालास, चुकलास, अशी. इक्वो आली, सगळे उठले, वाकले, बसले.

मी उभा राहिलो आणि पुकारा केला. सरकार विरुद्ध न्कोयो.

पहारेकऱ्याने तिला पिंजऱ्यात आणलं. मी तिला पाच वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. चाळिशीची असेल, केस कापलेले, दुसऱ्या कुणाचातरी झगा अंगावर. मागच्या बाकावरून एक आवाज आला, हुंदका म्हणा. पोलीस "शू:" म्हणाला.

"आरोपीचे वकील?" इक्वोने विचारलं.

कुणीच नाही. इक्वोने फाईल उघडली, चष्मा वर केला.

"रजिस्ट्रार, हा अर्ज तीन वर्षांपूर्वीचा आहे. हा माझ्यासमोर आजवर का आला नाही?"

वाक्य मी पाठ करून आलो होतो. "मिलॉर्ड, सदर फाईल नजरचुकीने निकाली कपाटात गेली होती."

"आपोआप गेली?"

कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, "नाही मिलॉर्ड. मी ठेवली."

"आणि सापडली कधी?"

इथे मी खोटं बोलू शकत होतो. शुक्रवारी म्हटलं असतं तरी चाललं असतं, बघायला कोण होतं? पण तिसऱ्या वेळी त्याच पेपरात नापास व्हायचं माझ्या जिवावर आलं. "चार आठवड्यांपूर्वी, मिलॉर्ड. मी ती खणात लपवली."

इक्वो माझ्याकडे बघत होती. तेहतीस वर्षांपूर्वीची तीच नजर, वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की असायची ती. मग तिने पिंजऱ्याकडे पाहिलं.

"आरोपीला इंग्रजी समजतं?"

"नाही मिलॉर्ड."

"मग तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते तिला सांगा. तिच्या भाषेत."

ते माझंच काम होतं. एकतीस वर्षं लोकांची पापं मी या भाषेतून त्या भाषेत नेतोय, जीभ कधी अडली नाही. त्या दिवशी अडली. इंग्रजी माझी शाळेतली भाषा, तिच्यात काहीही बोलता येतं. एफिकमध्ये मला आईने मारलेलं आहे. मी न्कोयोकडे वळलो आणि म्हटलं, "बाई, तुला बाहेर काढायचा कागद तीन वर्षं माझ्या कपाटात होता. मी रागाच्या भरात कोंबला. महिन्यापूर्वी सापडला, तेव्हाही माझी नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो."

न्कोयोने माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं, आईकडे. मला मागे वळायचं धैर्य झालं नाही.

"आरोपीला वकील नसेल तर पुढची तारीख द्यावी लागेल," इक्वो म्हणाली आणि पेन उचललं. पुढची तारीख म्हणजे सुट्टीनंतर, तीन महिने. आणि तेव्हाही कोण येणार होतं तिच्यासाठी?

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकली.

उतिबे उभी होती. टोप किंचित तिरका झालेला. बोलली काहीच नाही, कारण ओळख झाल्याशिवाय कोऱ्या टोपाने बोलायचं नसतं. नुसती उभी. हातातली कंत्राटदाराची फाईल तिने खुर्चीवर ठेवून दिली होती.

"बस," एफिओम दातओठ खात कुजबुजला. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "बस खाली!"

ती बसली नाही.

इक्वोने पेन खाली ठेवलं. "या वकीलबाईंची ओळख कोण करून देणार आहे?"

पहिल्या रांगेत पाच ज्येष्ठ बसले होते. चौघांनी एफिओमकडे पाहिलं. मुलगी त्याच्या कचेरीतली, तो बसलेला असताना दुसरा कोण उठणार? उठला असता तर जन्माचं वैर. मी उठू शकत नव्हतो, मी बारचा, म्हणजे वकीलसंघाचा, माणूस नाही. त्या क्षणी मला माझ्या नापासाचं जेवढं दुःख झालं तेवढं निकालाच्या दिवशीही झालं नव्हतं. दुसऱ्या एका माणसाचं नुसतं नाव घ्यायचा अधिकारसुद्धा मी कमावला नव्हता.

एफिओम बसून राहिला. मग त्याने आपला पिवळा टोप सारखा केला आणि उठला. माणूस कसाही असो, भर कोर्टात आपल्या कोऱ्या टोपाला अनोळखी उभं ठेवलं अशी बोलणी त्याला पुढे वीस वर्षं खायची नव्हती.

"मिलॉर्ड," तो म्हणाला, "या मिस उतिबे. या आजपर्यंत माझ्या कचेरीत होत्या."

'होत्या' म्हणाला. एकाच वाक्यात ओळखही करून दिली आणि नोकरीवरूनही काढलं. पोरीचा चेहरा उतरला. पण तोवर टेबलांवर बोटं वाजायला लागली होती, आधी दोन, मग सगळी.

"बोला," इक्वो म्हणाली.

उतिबे काही फार छान बोलली नाही. दोन कलमं चुकली, एकदा मिलॉर्डऐवजी 'मॅडम' म्हणाली. पण मुद्दा सोडला नाही. पाच वर्षं, अहवाल नाही, खटला नाही, तेच मासे खाल्लेली तीन माणसं जिवंत. आणि शेवटी म्हणाली, "मिलॉर्ड, ही माझी पहिली विनंती आहे. दुसरी माझ्याकडे होती, ती मी ठेवून दिली."

सरकारी वकील उठून म्हणाला की त्यांच्याकडे या प्रकरणाचा कागदच नाही, कोर्टाला योग्य वाटेल ते. इक्वोने न्कोयोला विचारलं, ही मुलगी तुझ्यासाठी बोलली, तुला चालेल का? मी भाषांतर केलं. न्कोयो म्हणाली, "बोलू दे तिला. इतकी वर्षं कुणी बोललंच नाही."

जामीन मिळाला. आई जामीन, गावच्या मुखियाची चिठ्ठी, झालं. पाच वर्षांचं काम अठरा मिनिटांत संपलं. हुकूम देऊन झाल्यावर इक्वो माझ्याकडे न बघता म्हणाली, "रजिस्ट्रारने आज पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा द्यावा. चौकशी होईल." बरोबरच होतं ते. पुढचं प्रकरण एफिओमने स्वतः चालवलं आणि कंत्राटदाराला पासपोर्ट तिसऱ्यांदाही मिळाला नाही.

दुपारी मी आधी न्कोयोचा सुटकेचा कागद टाईप केला, शिक्का मारला, सह्या घेतल्या. मग खुलासा लिहायला बसलो. खिडकीत सावली आली. अदियाहा.

गेली तीन वर्षं ती मला साहेब म्हणत होती. त्या दिवशी नाही म्हणाली.

"माझ्या टोपल्या दे."

मी कपाटाकडे गेलो. एकेक करून सगळ्या काढल्या, धूळ झटकली. रिकाम्या द्यायच्या नसतात, पण माझ्याजवळ काय होतं? सगळ्यात वरच्या टोपलीत सुटकेचा कागद ठेवला आणि खिडकीतून पुढे सरकवल्या. "हा तुरुंगाच्या फाटकावर दाखवा. आजच सोडतील."

तिने कागद काढून झग्याच्या आत, छातीशी ठेवला. मग उभ्याउभ्या टोपल्या मोजल्या. मी बघत राहिलो.

"एक कमी आहे."

ती घरी होती. बायको तिच्यात लसूण ठेवते. "उद्या आणून देतो," मी म्हटलं.

"आण," ती म्हणाली. टोपल्या एकात एक घालून डोक्यावर घेतल्या आणि गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही, चौकशी होईपर्यंत येऊ नका असंच सांगितलं होतं. मी टोपलीत मीठ आणि कांदे भरले, नदीच्या धक्क्यावर गेलो आणि तिच्या गावच्या होडीत बसलो. पहाटे सहाची होडी, दुसरी थेट रात्रीच्या भरतीला. मोटर दोनदा बंद पडली. ऊन डोक्यावर आलं, बसायला फळी, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. होडीवाल्याला विचारलं, एवढा वेळ लागतो? तो म्हणाला, "रोजचंच आहे. रात्रीच्या होडीला भरतीची वाट बघावी लागते, अर्धी रात्र धक्क्यावर काढतात लोक."

गावात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रात्रीच्या होडीने परतलेली न्कोयो अंगणात मासे धुरावर लावत होती. तिने माझ्या हातातली टोपली घेतली, आतलं मीठ आणि कांदे पाहिले, आणि आईला हाक मारली.

मी दाराशी उभा होतो. पाच तास लागले होते यायला. महिन्यातून एकदा, तीन वर्षं, ती बाई एवढं येत होती, आणि मी तिला खिडकीतून दोन शब्दांत परत पाठवत होतो. मी तिथे उंबऱ्यावर खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. कुणी उठ म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. थोड्या वेळाने अदियाहा बाहेर आली, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "भरती यायला वेळ आहे. मासे उलटायला हात लाव."